कंस कुठे हवा, तेही शिकवा : गणित शिक्षक आणि संगणक वर्गचालकांना खुले पत्र

प्रति,
कोल्हापूर शहर व जिल्ह्यातील शाळांचे गणित शिक्षक आणि संगणक प्रशिक्षण वर्गांचे संचालक

विषय : क्रियांचा क्रम शिकवताना वही आणि स्प्रेडशीट यांची सांगड घालण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

सहकारी दूध संस्था, पतसंस्था आणि विकास सेवा सोसायट्यांचे हिशेब तपासण्याचे काम मी करते. या संस्थांचा बराचसा हिशेब आता एक्सेलमध्ये असतो आणि तो लिहिणारी मुले-मुली तुमच्याच वर्गांतून शिकून आलेली असतात. त्यांची बेरीज सहसा चुकत नाही, कारण बेरीज यंत्र करते. चुकते ते यंत्राला सांगितलेले सूत्र, आणि त्यातही पुष्कळदा एकच गोष्ट चुकलेली असते. कोणती क्रिया आधी होईल याबद्दल लिहिणाऱ्याची समजूत एक असते आणि यंत्राचा नियम दुसरा असतो. वहीत अशी चूक झाली तर ती एका उदाहरणापुरती राहते. स्प्रेडशीटमध्ये तेच सूत्र खाली ओढले की ते शेकडो सभासदांच्या नावापुढे जाऊन बसते, आणि प्रत्येक ओळीत तीच चूक असल्यामुळे ओळींची एकमेकींशी तुलना करूनही ती सापडत नाही.

म्हणून माझे म्हणणे आरंभीच स्पष्ट करते. क्रियांच्या क्रमाच्या नियमातील काही भागाला सबळ कारण आहे, आणि काही भाग केवळ संकेत आहे, जो पुस्तकागणिक आणि यंत्रागणिक बदलतो. आज हे दोन्ही भाग एकाच सुरात पाठ करून घेतले जातात. जिथे कारण आहे तिथे ते कारण मुलांना सांगावे आणि जिथे नुसता संकेत आहे तिथे न चुकता कंस लिहिण्याची सवय लावावी, एवढीच माझी विनंती आहे. ती कशासाठी, हे थोडे विस्ताराने मांडते.

आपल्या जिल्ह्यात घराघरात समजेल असे गणित घेते. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने उसाची एफआरपी, म्हणजे रास्त व किफायतशीर दर, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये ठरवली होती, आणि त्यावरील प्रत्येक ०.१ टक्का उताऱ्याला क्विंटलमागे ३.३२ रुपये जादा धरले होते. उतारा कोणत्या हंगामाचा धरायचा आणि तोडणी-वाहतुकीची वजावट किती, हे वाद वेगळे आहेत, त्यांत मी शिरत नाही. उतारा १२.२५ टक्के मानू. बरोबर सूत्र असे होईल : =३४०+(१२.२५-१०.२५)/०.१*३.३२. कंसातून २ आले, त्याला ०.१ ने भागून २० आले, २० ला ३.३२ ने गुणून ६६.४० आले, आणि दर क्विंटलला ४०६.४० रुपये, म्हणजे टनाला ४,०६४ रुपये झाला.

आता कंस काढून टाका. =३४०+१२.२५-१०.२५/०.१*३.३२ या सूत्राचे उत्तर ११.९५ येते. क्विंटलभर उसाला बारा रुपये हा दर कोणाच्याही नजरेत भरेल आणि चूक त्याच दिवशी सापडेल. या चुकीची मला भीती वाटत नाही. भीती वाटते ती पुढच्या चुकीची. एखाद्याने हे सूत्र वाचताना तिरप्या रेषेच्या उजवीकडचे सगळे तिच्याखाली आहे असे मानले, आणि जास्त काळजी घ्यावी म्हणून तिथे कंसही दिला, तर सूत्र =३४०+(१२.२५-१०.२५)/(०.१*३.३२) असे होते. त्याचे उत्तर ३४६.०२ येते. हा आकडा दिसायला अगदी शहाणा आहे. तो ३४० पेक्षा जास्त आहे, उतारा चांगला म्हणून थोडे वाढले असे सहज वाटते, आणि टनामागे सुमारे ६०४ रुपये कमी दाखवले गेले आहेत याचा पत्ता कोणाला लागत नाही. गणितात नापास झालेला मुलगा ही चूक करील असेही नाही. क्रियांचा क्रम पाठ असलेला, पण भागाकाराचे चिन्ह कुठवर पोहोचते हा प्रश्न कधी कानावरच न पडलेला मुलगा ती करील.

हा प्रश्न वर्गात निघत नाही याचे मुख्य कारण माझ्या मते आडवी रेघ हे आहे. वहीत आपण भागाकार अपूर्णांकाच्या रूपात लिहितो : वर अंश, खाली छेद आणि मध्ये रेघ. ही रेघ भागाकाराचे चिन्ह तर आहेच, पण ती कंसाचेही काम करते. रेघेवरचे सगळे एक, रेघेखालचे सगळे एक, हे न सांगता कळते. स्प्रेडशीटमध्ये सूत्र एकाच ओळीत लिहावे लागते, तिथे ही रेघ नाहीशी होते आणि तिच्याबरोबर तिचे दोन अदृश्य कंसही जातात. ते परत लिहायचे असतात, हे मुलांना कोणी सांगितलेले नसते. पतसंस्थेतील व्याजाचे सूत्र घ्या. मुद्दल गुणिले दर गुणिले दिवस हे रेघेच्या वर, आणि ३६५ गुणिले १०० हे रेघेखाली. पन्नास हजारांवर ९ टक्क्यांनी ९० दिवसांचे व्याज १,१०९.५९ रुपये होते. तेच सूत्र =५००००*९*९०/३६५*१०० असे टंकले की उत्तर १,१०,९५,८९०.४१ येते, कारण एक्सेल डावीकडून उजवीकडे जाते आणि शेवटच्या १०० ने भागण्याऐवजी गुणते. चक्रवाढीत याच्या उलट होते. =५००००*(१+९/१००)^३ (यातले ^ हे घाताचे चिन्ह) याचे उत्तर ६४,७५१.४५ आहे. कंस राहून गेला तर =५००००*१+९/१००^३ हे ५०,००० आणि वर रुपयाचा अगदी नगण्य भाग देते, जो दोन दशांश स्थळांच्या रकान्यात दिसतही नाही. ठेवीवर तीन वर्षांत एक पैसाही व्याज नाही, असे ते सूत्र सांगते आणि रकाना मात्र नीटनेटका दिसतो.

शिक्षकांना स्वतःच्या कामातले उदाहरण हवे असेल तर दोन चाचण्यांची सरासरी पाहा. बी२ आणि सी२ या चौकटींतील ६० आणि ७० गुणांची सरासरी =बी२+सी२/२ अशी लिहिली तर ९५ येते. शंभरपैकी ९५ ही अशक्य गोष्ट नाही, म्हणून निकालपत्रकात ती खपून जाते.

आता नियमाला कारण कुठे आहे ते पाहू. बेरजेआधी गुणाकार का करायचा, असे सातवीच्या मुलाला विचारले तर बहुधा ‘तसा नियम आहे’ एवढेच उत्तर मिळते. वास्तविक इथे सांगण्यासारखे भक्कम कारण आहे. तीन किलो गूळ ६० रुपये दराने आणि दोन किलो साखर ४५ रुपये दराने घेतली, तर हिशेब ३ × ६० + २ × ४५ असा लिहिला जातो आणि २७० रुपये होतात. यात ६० आणि २ यांची बेरीज आधी केली तर आपण रुपयांत किलो मिळवतो, आणि त्या बेरजेला काही अर्थ उरत नाही. गुणाकाराने वस्तूचे रुपये होतात आणि मग रुपयांत रुपये मिळवता येतात, या साध्या व्यवहाराला धरूनच नियम आहे. संख्या लिहिण्याची आपली दशमान पद्धतीही त्याच नियमावर उभी आहे : ३४५ म्हणजे ३ × १०० + ४ × १० + ५, आणि तिथे आपण कधी कंस देत नाही. बीजगणितात तर हा नियम नसता तर प्रत्येक बहुपदी कंसांनी भरून गेली असती. इतके सगळे हाताशी असताना नियम नुसता घोकून घेणे ही मुलांवर अन्याय करणारी गोष्ट आहे, असे मला मनापासून वाटते.

घोकण्यासाठी आपल्याकडे ‘कंचेभागुबेव’ हे सूत्र आहे. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. पिढ्यान्‌पिढ्या ते उपयोगी पडले आहे आणि ते टाकून द्या असे मी म्हणत नाही. परंतु त्यातील दोन जोड्यांचा स्वभाव सारखा नाही, हे वर्गात सांगितले गेले पाहिजे. ‘भागु’ शब्दशः पाळले, म्हणजे सगळे भागाकार आधी आणि मग गुणाकार असे केले, तरी उत्तर बिघडत नाही. १२ ÷ ६ × ३ असो किंवा १२ × ६ ÷ ३ असो, भागाकार आधी करूनही डावीकडून उजवीकडे जाऊन येते तेच उत्तर येते. ‘बेव’ मात्र शब्दशः पाळले तर उत्तर बिघडते. १० − ४ + ३ मध्ये बेरीज आधी केली तर १० − ७, म्हणजे ३ येतात, आणि खरे उत्तर ९ आहे. बेरीज व वजाबाकी एकाच पायरीवर असून डावीकडून क्रमाने करायच्या, ही पुस्ती जोडल्याशिवाय ते सूत्र मुलाला चुकीच्या उत्तराकडे नेते. आणि या पुस्तीलाही कारण देता येते : वजाचे चिन्ह त्याच्या लगतच्या संख्येचे असते, म्हणून १० − ४ + ३ म्हणजे १०, उणे ४ आणि अधिक ३ यांची बेरीज, आणि ती कोणत्याही क्रमाने केली तरी ९ येते. अमेरिकेत मुले जे सूत्र घोकतात त्यात गुणाकार भागाकाराच्या आधी येतो, त्यामुळे तिथे या जोडीतही फसगत होते : १२ ÷ ६ × ३ मध्ये गुणाकार आधी केला की ६ ऐवजी १२ ÷ १८ होऊन बसते.

‘चे’ या क्रियेवर थोडे थांबले पाहिजे, कारण ती वहीत आहे आणि यंत्रात नाही. ४८ ÷ २४ चे १/४ या पदावलीत आपण ‘चे’ आधी सोडवतो, २४ चा पाव भाग ६ काढतो आणि उत्तर ८ देतो. हेच स्प्रेडशीटमध्ये =४८/२४*१/४ असे लिहिले गेले तर उत्तर ०.५ येते. यंत्राला ‘चे’ ठाऊक नाही, त्याच्या लेखी सगळेच साधे गुणाकार. म्हणून =४८/(२४*१/४) असे लिहावे लागते. शिष्यवृत्तीच्या तयारीत असली उदाहरणे भरपूर सोडवून घेतली जातात, तेव्हा त्याच तासाला ‘हे एका ओळीत यंत्राला कसे सांगाल?’ हा एक प्रश्न जास्तीचा विचारायला पाच मिनिटे पुरतील.

संख्येला चिकटून लिहिलेल्या गुणाकाराचेही असेच आहे. ६ ÷ २(१ + २) अशा पदावल्या व्हॉट्‌सॲपवर फिरतात आणि त्याखाली ९ की १ यावरून दिवसभर भांडणे चालतात. ही भांडणे करणाऱ्या दोन्ही बाजू आपापल्या संकेताने बरोबर असतात, आणि चूक पदावली तशी लिहिणाऱ्याची असते. जगात यावर एकमत नाही. भौतिकशास्त्रातील ‘फिजिकल रिव्ह्यू’ या नियतकालिकांच्या लेखनसूचनांत गुणाकार हा तिरप्या रेषेच्या भागाकाराआधी धरला आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या एकाच कंपनीच्या गणकयंत्रांत टीआय-८२ हे चिकटून लिहिलेला गुणाकार आधी करीत असे आणि टीआय-८३ तो इतर गुणाकार-भागाकारांच्या बरोबरीने धरते. एक्सेल तर अशी पदावली जशीच्या तशी स्वीकारतच नाही, मध्ये गुणाकाराचे चिन्ह मागते. भागाकाराचे ÷ हे चिन्ह १६५९ साली योहान रान यांच्या बीजगणितात छापले गेले, आणि आज आंतरराष्ट्रीय मानक ते न वापरण्याची शिफारस करते. तिरप्या रेषेनंतर त्याच ओळीत पुन्हा गुणाकार किंवा भागाकार येत असेल तर कंसावाचून लिहू नये, असेही ते सांगते. तज्ज्ञांनीच कंस द्या म्हणून सांगितलेल्या ठिकाणी, कंस न देता मुलांना कोड्यात पकडणारा प्रश्न परीक्षेत का घालावा? असा प्रश्न मुलाची समज तपासत नाही. प्रश्न काढणाऱ्याचा संकेत त्याला ओळखता आला की नाही एवढेच तपासतो.

टेबलावरच्या साध्या गणकयंत्राबद्दलही दोन शब्द लिहिते, कारण गावातल्या दूध संस्थेत ते अजून हाताशी असते. दुधातील एसएनएफ (फॅट सोडून उरणारे घन पदार्थ) काढण्याच्या रूढ सूत्रांपैकी एक असे आहे : सीएलआर (लॅक्टोमीटरचे दुरुस्त केलेले माप) भागिले ४, अधिक ०.२१ गुणिले फॅट, अधिक ०.३६. सीएलआर २८ आणि फॅट ४ असेल तर ७ + ०.८४ + ०.३६, म्हणजे ८.२ येतात. साध्या गणकयंत्रावर हे आकडे आणि चिन्हे ओळीने दाबली तर उत्तर २९.२ येते, कारण ते यंत्र प्रत्येक चिन्हासरशी तोवरची क्रिया उरकून टाकते आणि ७.२१ ला ४ ने गुणते. शास्त्रीय गणकयंत्र ८.२ दाखवते. विंडोजमधील कॅल्क्युलेटरवर हे दोन्ही स्वभाव एकाच जागी पाहता येतात : २ + ३ × ४ ला ‘स्टँडर्ड’ प्रकारात २० आणि ‘सायंटिफिक’ प्रकारात १४ येतात. वर्गात फळ्याशेजारी हे दाखवून द्यावे. तीच बटणे दाबून उत्तरे वेगळी येतात हे मुलाने एकदा डोळ्यांनी पाहिले की नियम यंत्रात कोणीतरी बसवलेला असतो हे त्याला वेगळे सांगावे लागणार नाही.

आता संगणक वर्गचालकांसाठी विशेष लिहिते, कारण एक्सेलचे काही संकेत शाळेतील गणिताच्या थेट विरुद्ध आहेत आणि ते सांगण्याची जबाबदारी गणित शिक्षकांपेक्षा तुमची अधिक आहे.

पहिला संकेत उणे चिन्हाचा. वहीत −२ चा वर्ग कंसाशिवाय −२² असा लिहिला तर त्याचा अर्थ २ चा वर्ग करून त्याला उणे चिन्ह, म्हणजे −४. एक्सेलमध्ये =-२^२ चे उत्तर ४ येते. मायक्रोसॉफ्टने दिलेल्या क्रमात आरंभीचे उणे चिन्ह आधी, मग टक्केवारी आणि त्यानंतर घात असा क्रम आहे. म्हणून यंत्र आधी −२ धरते आणि मग त्याचा वर्ग करते. पण =५-२^२ लिहिले तर उत्तर १ येते, कारण तिथले वजा चिन्ह वजाबाकीचे आहे आणि ते घातानंतर येते. गोंधळ वाढवणारी बाब अशी की एक्सेलच्याच पोटातील व्हीबीए या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत -२^२ चे उत्तर −४ येते. एकाच खिडकीत दोन नियम राहतात. महाविद्यालयातल्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना याचा फटका बसतो तो प्रसामान्य वितरणाचा आलेख काढताना. =ईएक्सपी(-ए२^२/२) या सूत्रात ए२ मध्ये १ असेल तर उत्तर सुमारे ०.६०६५ यायला हवे, आणि येते १.६४८७. घंटेच्या आकाराची वक्ररेषा कडांना वर चढत जाते आणि विद्यार्थी आपली आकडेवारी तपासत बसतो. =ईएक्सपी(-(ए२^२)/२) असा एक कंस दिला की सगळे जागेवर येते.

घातावर घात आला की तिथेही फरक पडतो. २^३^२ याचा गणितातील रूढ अर्थ २ चा ९ वा घात, म्हणजे ५१२. एक्सेल डावीकडून सुरुवात करून ८ चा वर्ग ६४ देते. रोजच्या हिशेबात हे क्वचित लागते, म्हणून यावर अधिक लिहीत नाही.

टक्केवारी मात्र रोज लागते. हजार रुपयांच्या मालावर १८ टक्के जीएसटी लावायचा म्हणून मोबाइलवर १००० + १८% दाबले तर बऱ्याच मोबाइलांत ११८० येतात. तेच एक्सेलमध्ये =१०००+१८% असे लिहिले तर १०००.१८ येतात, कारण एक्सेलच्या लेखी १८% ही ०.१८ ही संख्या आहे, आधीच्या संख्येशी तिचे काही नाते नाही. =१०००*(१+१८%) असे लिहायला हवे. लक्ष्मीपुरीतल्या पेढीवर कामाला लागलेला मुलगा पहिल्याच दिवशी मोबाइल आणि एक्सेल दोन्ही वापरणार आहे, म्हणून हे दोन्ही त्याला शेजारी शेजारी ठेवून दाखवले पाहिजे.

आणि शेवटी तुलना. ३५ ≤ गुण ≤ १०० हे वहीत बरोबर आहे. एक्सेलमध्ये ३५<=बी२<=१०० असे लिहिले तर यंत्र आधी ३५<=बी२ तपासते, त्याचे उत्तर ‘खरे’ किंवा ‘खोटे’ असे येते, आणि मग ते उत्तर १०० शी ताडून पाहते. एक्सेलच्या क्रमवारीत ‘खरे’ आणि ‘खोटे’ ही दोन्ही मूल्ये कोणत्याही संख्येपेक्षा मोठी धरली जातात, म्हणून एकूण उत्तर कायम ‘खोटे’ येते. परिणाम काय होतो ते पाहा. =आयएफ(०<=बी२<३५,"अनुत्तीर्ण","उत्तीर्ण") या सूत्राने २० गुण मिळवणाराही उत्तीर्ण होतो, ९० वालाही होतो, आणि संपूर्ण वर्गाचा निकाल शंभर टक्के लागतो. यंत्र चुकीची कसलीही सूचना देत नाही. तिथे =आयएफ(अँड(बी२>=०,बी२<३५),"अनुत्तीर्ण","उत्तीर्ण") असे लिहावे लागते. मी जाणूनबुजून शाळेच्या निकालाचे उदाहरण दिले, कारण निकालपत्रके शिक्षक स्वतःच तयार करतात आणि ही चूक त्यांच्या कामाच्या अगदी जवळची आहे.

या गोष्टी लहानसहान कार्यालयांपुरत्या आहेत असे कोणाला वाटू नये. २०१२ साली जेपी मॉर्गन या अमेरिकी बँकेला एका व्यवहारसाखळीत सहा अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला. त्यानंतर बँकेनेच प्रसिद्ध केलेल्या अहवालात जोखीम मोजणाऱ्या स्प्रेडशीटमधील एक चूक नोंदलेली आहे. नव्या आणि जुन्या दरांतील फरकाला त्यांच्या सरासरीने भागायचे होते, ते त्यांच्या बेरजेने भागले गेले. म्हणजे छेदात आतल्या कंसासह जो २ असायला हवा होता तो नव्हता. तोटा एकट्या त्या चुकीने झाला नाही, पण जोखीम आहे त्यापेक्षा कमी दिसण्यात तिचा वाटा होता, असे तो अहवाल म्हणतो.

यावर उपाय मोठा नाही. पदावलीचा धडा शिकवताना निदान काही उदाहरणे आडव्या रेघेच्या रूपातून एका ओळीत आणि एका ओळीतून पुन्हा रेघेच्या रूपात लिहून घ्यावीत. अंश आणि छेद यांभोवती कंस देण्याची सवय लागायला हा सराव पुरेसा आहे, आणि त्यासाठी संगणक लागत नाही. एखाद्या मुलाने गरजेपेक्षा जास्त कंस दिले तर त्याचे गुण कापू नयेत. वाचणाऱ्याला शंका राहू नये म्हणून दिलेला कंस ही शिस्त आहे, आणि नोकरीत त्याच शिस्तीला आम्ही दाद देतो. सरळ रूप देण्याच्या प्रश्नांत जिथे संकेत वादग्रस्त आहे, म्हणजे एकापाठोपाठ दोन भागाकार किंवा चिकटून लिहिलेला गुणाकार आहे, तिथे प्रश्न काढणाऱ्यांनीच कंस द्यावेत.

संगणक वर्गांत एमएस-सीआयटीसारख्या अभ्यासक्रमाच्या निमित्ताने हजारो मुले एक्सेल पहिल्यांदा हाताळतात. तिथे सूत्र लिहायला शिकवले जाते, पण सूत्र तपासायला शिकवण्यासाठी वेळ उरत नाही. एक्सेलच्या ‘फॉर्म्युलाज’ या टॅबवर ‘इव्हॅल्युएट फॉर्म्युला’ नावाची सोय आहे. यंत्र पुढची कोणती क्रिया करणार आहे ते ती अधोरेखित करून दाखवते आणि एकेक पायरीने उत्तरापर्यंत नेते. क्रियांचा क्रम शिकवायला यापेक्षा चांगला फळा मला माहीत नाही, आणि तो विंडोजवरील एक्सेलमध्ये आधीपासून आहे. वरचे =-२^२ मुलांकडून त्यात घालून घ्या आणि पहिली रेघ कशाखाली येते ते त्यांनाच पाहू द्या. लांब सूत्र एकाच चौकटीत कोंबण्याऐवजी मधल्या पायऱ्यांना वेगळे रकाने द्यायला सांगा : उताऱ्यातील फरक एका रकान्यात, त्याचे ०.१ चे टप्पे दुसऱ्यात, जादा रक्कम तिसऱ्यात. मग सूत्रात क्रमाचा प्रश्नच फारसा उरत नाही आणि तपासणाऱ्यालाही चूक नेमकी कुठे शिरली ते दिसते. आणि कोणतेही सूत्र खाली ओढण्याआधी, ज्याचे उत्तर हाताने काढून ठेवले आहे अशी एक ओळ त्यावर चालवून पाहणे हा परीक्षेतील गुणांचा भाग करा. उतारा बरोबर १०.२५ घातला तर ३४० यायलाच हवेत, आणि १०.३५ घातला तर ३४३.३२. चुकीच्या कंसाचे वरचे सूत्र पहिली चाचणी पार करते आणि दुसऱ्या चाचणीत ३४०.३० दाखवून उघडे पडते. म्हणून एक चाचणी पुरत नाही, निदान दोन घ्याव्यात, हेही मुलांना त्यातूनच कळेल.

जिल्ह्यातील कोणत्याही शाळेला किंवा वर्गाला अशी सूत्रे सरावासाठी हवी असतील तर संस्थांची ओळख आणि रकमा बदलून मी ती तयार करून देईन. दूध, ऊस, ठेव, कर्ज आणि निकालपत्रक अशा पाच विषयांवरील सूत्रे पुढील शैक्षणिक वर्ष सुरू होण्यापूर्वी देता येतील. ती एक तासात सोडवून होतील अशा बेताने करण्याचा माझा विचार आहे. वर्गात वापरल्यावर मुले कुठे अडखळली ते शिक्षकांनी लिहून कळवले, तर त्याप्रमाणे त्यांत बदलही करता येतील.

आपली विश्वासू,
सहकारी संस्थांचे हिशेब तपासणारी एक लेखापाल
कोल्हापूर